गोगलगायींचा सोमवार

बाईंचा पेपर जर्नलकडून परत आला तेव्हा त्याच्यासोबत दोन रिव्ह्यूअरची मतं होती. पहिल्याचं मत दीड ओळीचं: 'काम चांगलं आहे. छापायला हरकत नाही.' या भल्या माणसाने पेपर वाचला होता की जेवता जेवता नुसता वर-खाली सरकवला होता, देव जाणे, पण गृहस्थाचं जेवण मनासारखं झालेलं असावं. दुसऱ्याचं मत खुद्द पेपरपेक्षा लांब होतं, आणि त्याची सुरुवातच अशी होती: 'लेखिकेने या विषयात हात घालण्याआधी थोडा अभ्यास केला असता तर बरं झालं असतं.'

लेखिकेने या विषयात हात घालून निम्मं आयुष्य काढलं होतं, आणि हात घालून म्हणजे अगदी कोपरापर्यंत, ओल्या मातीत. विषय गोगलगायींचा. संस्थेत सगळे त्यांना गोगलगायबाई म्हणायचे, तोंडावर नुसतं बाई. नवऱ्याची एकच विनंती असायची, की लग्नाचा वाढदिवस विसरलीस तरी चालेल, पण जेवताना चिकट द्रवाबद्दल बोलू नकोस.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. संशोधकाने पेपर लिहिला की जर्नलचा एडिटर तो विषयातल्या दोघांकडे पाठवतो. ते दोघे बरं-वाईट सांगतात. आता गंमत अशी, की तोंडाला फडकं बांधायचं ते फक्त मारणाऱ्याने. मार खाणाऱ्याचं नाव, संस्था, पत्ता, सगळं वर ठळक अक्षरांत. रिव्ह्यूअरला पैसे नाहीत, घाई नाही, सही नाही आणि जाब विचारणारा कोणी नाही. याला विद्वानांनी विद्वानांची केलेली पारख म्हणतात, आणि हे म्हणताना हसायचं नसतं.

बाईंचा शोध तसा अजबच होता. कोरड्या दिवसांत गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा चढवते आणि महिनोन्‌महिने झोपून राहते. पण बाईंच्या प्रयोगशाळेतल्या गोगलगायी मध्येच उठायच्या. पापुद्रा फोडायच्या, शिंगं बाहेर काढायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि पुन्हा दार लावून झोपायच्या. पाणी दिलेलं नाही, उजेड बदललेला नाही, तरी दर आठवड्याला, आणि तेही नेमकं सोमवारी! बाईंनी दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून हे पाहिलं आणि लिहिलं, की गोगलगायींच्या अंगात सात दिवसांचं घड्याळ असतं. रविवारी आराम करून सोमवारी उठणारा प्राणी जगाला तोवर एकच ठाऊक होता, आणि तोही कुरकुरत उठतो.

हा पेपर छापून यायलाच हवा होता. बाई कित्येक वर्षं तात्पुरत्या नोकरीवर होत्या. दरवर्षी नेमणुकीचं पत्र यायचं आणि दरवर्षी ते येईपर्यंत घशाखाली घास उतरायचा नाही. आता एकदाची कायमची जागा निघाली होती. जागा एक आणि उमेदवार दोन, बाई आणि जंतूबाई. ज्याला जागा मिळणार नाही त्याने घरी बसायचं, कारण तात्पुरती पदं संस्था बंदच करणार होती. निवड समितीची अट साधी होती: यंदा मोठ्या जर्नलने स्वीकारलेला पेपर दाखवा. जंतूबाईंचा पेपर आधीच स्वीकारला गेला होता. बाईंचाही झाला तर बाई ज्येष्ठ म्हणून जागा त्यांची. नाही झाला तर जंतूबाईंची. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

जंतूबाई म्हणजे शेजारच्या खोलीत जंतू वाढवणारी बाईंची जिवलग मैत्रीण. दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत, आणि ती भिंत असून नसल्यासारखी. सकाळचा चहा एकत्र, दुपारचा चहा एकत्र. मध्ये एकदा गोगलगायींच्या चिकट द्रवात कोणते जंतू राहतात यावर दोघींनी मिळून एक छोटा पेपरही लिहिला होता. जागा एकच निघाली तेव्हा जंतूबाई म्हणाल्या होत्या, "जिला मिळेल तिने दुसरीला रोज चहा पाजायचा. ठरलं?" बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं त्या घरी जाऊन सांगत बसल्या.

रिव्ह्यूअर क्रमांक दोनचं मत बाईंनी पहिल्यांदा वाचून दाखवलं तेही जंतूबाईंनाच. जंतूबाईंनी कप खाली ठेवला.

"काय मेला माणूस आहे गं! जिभेला काही हाड?"

"म्हणे प्रस्तावना फार लांब आहे. निम्मी करा. आणि भाषा कुणा जाणकाराकडून तपासून घ्या."

"तू मनावर घेऊ नकोस. असतात असली माणसं. स्वतःच्या आयुष्यात काही घडलं नाही ना, की दुसऱ्याच्या पेपरात दात रुतवतात."

बाईंना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग उत्तर लिहायचं आलं. या धंद्यातली रीत अशी, की रिव्ह्यूअरने केलेल्या प्रत्येक अपमानाबद्दल आधी त्याचे आभार मानायचे. 'अभ्यास करा' म्हणाला, तर 'या मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत.' 'भाषा गचाळ' म्हणाला, तर 'आमच्या हे लक्षात आणून दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार.' बाई जेवणाच्या टेबलावर दात-ओठ खात आभार मानत बसल्या. समोर सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. बोर्डाचे पेपर तपासून तपासून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली गेला होता.

"अगं, हे नापास करणारं माणूस आहे तरी कोण?"

"ते कळत नाही, आई. नाव गुप्त असतं."

"म्हणजे सही नाही खाली?"

"नाही."

"आम्ही एका पोराला नापास केलं तरी सही करावी लागायची. आणि पोराच्या बापाला आमच्या घराचा पत्ता बरोबर सापडायचा!" सासूबाईंनी देठं बाजूला सारली. "सही नको म्हटलं तर मीसुद्धा रोज दोन-चार जणांना नापास करेन. हात मोकळा होतो."

बाईंनी प्रस्तावना निम्मी केली. भाषा तपासून घेतली. मागितलेली आकडेवारी जोडली. पेपर पुन्हा गेला आणि जर्नलच्या पोटात गडप झाला. दिवस गेले, आठवडे गेले, समितीची तारीख जवळ येत चालली. बाईंनी एडिटरला विचारलं, तर उत्तर आलं की रिव्ह्यूअर क्रमांक दोन अतिशय व्यग्र आहेत. ज्यांच्यावर संशोधन चाललं होतं त्या गोगलगायी एव्हाना प्रयोगशाळेचं टेबल पार करून, पलीकडे उतरून, पोरंबाळं करून बसल्या असत्या. जंतूबाई रोज विचारायच्या, "आलं का गं काही?" आणि नाही म्हटलं की पाठीवरून हात फिरवायच्या.

शेवटी दुसरं मत आलं. 'प्रस्तावना अपुरी वाटते. दुप्पट करावी.' बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. खाली आणखी बरंच काही होतं. तक्ते किचकट, आलेख फिके, निष्कर्षांत आत्मविश्वासाचा अतिरेक. बाई चरफडत खाली आल्या आणि शेवटच्या मुद्द्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

'भिंतीपलीकडचा ऑटोक्लेव्ह दर सोमवारी चालतो. त्याच्या उष्णतेचा लेखिकेने विचारच केलेला नाही.'

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. जंतूंच्या काचेच्या ताटल्या त्यात वाफेने उकळून निर्जंतुक करतात. बाईंच्या गोगलगायींचं कपाट ज्या भिंतीला लागून होतं तिच्या पलीकडे तो होता, हे खरं. तो सोमवारी चालायचा, हेही खरं. पण पेपरात भिंत नव्हती. ऑटोक्लेव्ह नव्हता. पेपरात फक्त गोगलगायी होत्या. जगाच्या पाठीवर बसून तो पेपर वाचणाऱ्या कुणालाही ही भिंत दिसणं शक्य नव्हतं. ती दिसली होती फक्त त्या माणसाला, जो दर सोमवारी सकाळी स्वतःच्या हाताने त्या भांड्याचं झाकण लावायचा.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. भिंतीपलीकडे त्या घटकेला ताटल्यांचा खणखणाट चालला होता आणि कुणीतरी गुणगुणत होतं.

कसं झालं असेल तेही त्यांना लगेच कळलं. एडिटर हल्ली रिव्ह्यूअर स्वतः शोधत नाहीत, मशीन शोधतं. मशीनने बघितलं, की गोगलगायींवर आणखी कोण लिहितं. सापडला तो दोघींनी मिळून लिहिलेला छोटा पेपर. जिच्यासोबत लिहिलं तिलाच विचारू नये, एकाच इमारतीतल्या माणसाला विचारू नये, असा नियम आहे. नियम आहे, एवढंच. ज्याला विचारलं त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणायचं असतं. जंतूबाई हो म्हणाल्या होत्या.

बाई रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि तेही आवाज न करता, कारण भिंत पातळ होती. पण रडून झाल्यावर डोळ्यांपुढे आली ती भिंतच. मैत्रीण खोटी निघाली, ते ठीक. मुद्दा खोटा होता का?

त्याच दिवशी बाईंनी गोगलगायींच्या पेट्या गाडीत घातल्या आणि घरी आणल्या. घरात एकच जागा कोरडी आणि शांत होती, सासूबाईंच्या खोलीतलं कपाट.

"माझ्या कपाटात?" सासूबाई म्हणाल्या. "कपडे कुठे ठेवू?"

"थोडेच दिवस, आई. झोपलेल्याच असतात त्या."

"झोपलेली माणसं मी वर्गात चाळीस वर्षं सांभाळली. ठेव."

पहिला सोमवार आला. बाई कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. एकही गोगलगाय हलली नाही. दुसऱ्या सोमवारीही नाही. तिसऱ्या सोमवारी बाईंनी गरम पाण्याची पिशवी कपाटाच्या मागच्या फळीला लावली, आणि बघता बघता पापुद्रे फुटले, शिंगं बाहेर आली. बाईंनी पिशवी बुधवारी लावली, तर त्या बुधवारीही उठल्या. सात दिवसांचं घड्याळ गोगलगायींच्या अंगात नव्हतंच. ते जंतूबाईंच्या वेळापत्रकात होतं.

"उठल्या की गं!" सासूबाई आनंदाने म्हणाल्या. मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी कपाटाचं दार हळूच लोटलं.

आता बघा बाईंची पंचाईत. नियम मोडून केलेली समीक्षा, द्वेषाने केलेली, जाणूनबुजून महिनोन्‌महिने अडवून ठेवलेली, आणि तिच्यातला एक मुद्दा शंभर टक्के बरोबर! तक्रार केली तर ती समीक्षा रद्द होणार. नवा रिव्ह्यूअर येणार, त्याला भिंत दिसणार नाही, पेपर छापला जाणार, जागा मिळणार. तक्रार नाही केली तर हातची नोकरी जाणार, आणि तीही जिने पाठीवरून हात फिरवत गळा कापला तिलाच मिळणार. नवऱ्याने एकदाच हळू आवाजात विचारलं, "पण बाकी कुणाला कळणार आहे का?" कळणार नाही, हेच तर उत्तर होतं.

शेवटी त्यांनी एडिटरला एकच पत्र लिहिलं. वरच्या भागात लिहिलं, की रिव्ह्यूअर क्रमांक दोन माझ्या इमारतीत काम करतात, माझ्याच जागेसाठी उमेदवार आहेत, त्यांनी ही समीक्षा करायलाच नको होती. खालच्या भागात लिहिलं, की तरीही त्यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, मी तपासून पाहिलं, माझा निष्कर्ष चुकीचा ठरला, सबब मी पेपर मागे घेते.

जर्नल आयुष्यात पहिल्यांदा तत्पर झालं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'हितसंबंधांची बाब आम्ही अत्यंत गांभीर्याने घेतो. रिव्ह्यूअर क्रमांक दोनचं मत पूर्णपणे बाद केलं आहे. रिव्ह्यूअर क्रमांक एक समाधानी असल्याने आपला पेपर स्वीकारण्यात येत आहे. हार्दिक अभिनंदन!'

एडिटरसाहेबांनी पत्र निम्मंच वाचलं होतं. बाईंनी घाईघाईने लिहिलं, की कृपया पत्राचा खालचा भाग वाचावा. त्यावर मशीनचं उत्तर आलं, की एडिटर रजेवर आहेत. तोवर जर्नलकडून संस्थेलाही कळलं होतं. विभागप्रमुखांनी बातमी छापून जिन्याजवळच्या फळ्यावर लावली. लोक येता-जाता अभिनंदन करू लागले. "काय बाई, गोगलगायींनी नाव काढलं!" बाई म्हणायच्या, "अहो, ते तसं नाही..." पण तोवर समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. जंतूबाईंनी मिठी मारली. मिठी घट्ट होती आणि हात गार पडले होते. त्यांना काय वाटत असेल ते बाईंना दिसत होतं. शोध खोटा आहे हे संस्थेत बाईंखेरीज फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. तोंड उघडलं तर विचारणार, तुम्हाला कसं कळलं?

समितीचा दिवस उजाडला. बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. आधी बाईंना बोलावलं.

आत लांब टेबल, पाण्याचे ग्लास आणि पाच गंभीर चेहरे. मधल्या खुर्चीत विभागप्रमुख. त्यांच्यासमोर गुणांचा तक्ता.

"या, या. पेपर स्वीकारला गेला. उत्तम झालं."

"सर, तो पेपर चुकीचा आहे," बाई म्हणाल्या.

बाईंनी सगळं सांगितलं. भिंत, वाफ, कपाट, गरम पाण्याची पिशवी. त्यांनी एकही गोष्ट गाळली नाही. रिव्ह्यूअरचा विषय निघाला तेव्हा त्या नुसतं 'एका समीक्षकाने दाखवून दिलं' एवढंच म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही उगाच गोंधळ घालताय. खरं-खोटं बघायला समीक्षक असतात. त्यांनी बघितलंय."

"ज्याने बघितलं त्याचं मत काढून टाकलं, सर. ज्याने बघितलं नाही त्याचं ठेवलं."

"ते जर्नलचं काम. आमच्यापुढे आहे हा रकाना. पेपर स्वीकारला का? हो. गुण पूर्ण." त्यांनी पेन उचललं. "आता तुम्ही मागे घ्यायचं म्हणत असाल तर मात्र मला शून्य लिहावं लागेल. नीट विचार करा. घाई नाही."

बाईंना दरवर्षीच्या पत्राची वाट बघतानाचा तो घास आठवला. घरी बसणं म्हणजे काय, तेही दिसलं. हो म्हणायला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्या इतक्या घाबरल्या होत्या, की टेबलाची कड त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

"शून्य लिहा, सर," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या. जंतूबाई लगबगीने सरकल्या. "काय विचारलं गं?"

"पेपराबद्दल. मी सांगितलं त्यांना, चुकीचा आहे म्हणून. तुझ्या ऑटोक्लेव्हमुळे उठायच्या गोगलगायी. मी मागे घेतला."

जंतूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, परत आला आणि पुन्हा गेला. जागा आता त्यांची झाली होती. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच, आणि अगदी बारीक आवाजात.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही. फक्त एडिटरला सांगितलं होतं, आणि त्याने ते बरोबर तेवढंच वाचलं."

जंतूबाईंनी धरून ठेवलेला श्वास सोडला. बाईंचा हात हातात घेतला. "तुझं मन फार मोठं आहे गं. मी चुकले. मलाही घरी बसायची भीती वाटत होती, तुला काय सांगू. म्हटलं तुला कळणारच नाही कोण ते."

"मन मोठं नाही. मला तुझा भयंकर राग आलाय," बाई म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला. "तू पेपर अडवलास, माझी भाषा काढलीस, रोज चहा पिताना माझं रडगाणं ऐकत बसलीस, ते सगळं एकीकडे. पण ती वाफेची गोष्ट तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती ना?"

जंतूबाईंनी मान खाली घातली.

"मला तेव्हाच भिंतीपलीकडून हाक मारून सांगायचंस. गोगलगाय भिंतीच्या पलीकडची उष्णता ओळखते आणि झोपेतून उठते, हासुद्धा शोधच आहे, वेडे. या दोन वर्षांत आपण तो नीट केला असता. दोघींच्या नावाने. मी तुझं नाव पहिलं घातलं असतं."

जंतूबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. दार उघडलं आणि आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते दोनदा पुकारावं लागलं.